कामावर नसलेल्या दिवसांची हजेरी

"आजारी होता की कामावर होता, यातलं एकच काहीतरी खरं असणार ना, बाई," पात्रुडकर म्हणाले.

त्यांच्यापुढे दोन कागद शेजारी शेजारी होते. एक विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बागवानांनी दिलेला आजाराचा दाखला. दिवाळीनंतरच्या सोमवारपासून मी कामाला अयोग्य आहे, असं तो सांगत होता. दुसरा आमच्या कारखान्याकडून आलेला हजेरीचा उतारा. त्याच सोमवारपासून पुढचे तीन आठवडे मी रोज पहिल्या पाळीला हजर होते, असं तो सांगत होता.

पात्रुडकर कामगार विम्याच्या आमच्या भागातल्या कार्यालयाचे प्रमुख होते. कामगाराच्या पगारातून दरमहा विम्याचा हप्ता कापला जायचा आणि तो आजारी पडला की पगाराच्या जागी हे कार्यालय भत्ता द्यायचं. भत्ता चालू असेपर्यंत कारखान्याला त्या माणसाचं नाव कमी करता येत नसे. माझं नाव कमी झालेलं होतं. दाखला पहिल्या दिवसापासून मान्य झाला असता तर ते नाव कमी करणं बेकायदा ठरलं असतं. नाही तर मी नोकरी नसलेली, भत्ता नसलेली आणि थोड्याच दिवसांत विम्याचं औषधही बंद झालेली बाई ठरणार होते.

ते दाखल्यातले शेवटचे आठवडेच मान्य करतील का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागच्या तारखेचा दाखला एरवी ते हातातसुद्धा घेत नसत. असले दाखले लोक कशाला आणतात ते त्यांना ठाऊक होतं. कुणी लग्नाला गेलेलं असतं, कुणी उसाच्या तोडीला. माझी मागची तारीख मंजूर झाली ती बेळगावच्या खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर. त्या चिठ्ठ्या खऱ्या तर सगळ्या खऱ्या, आणि खोट्या तर सगळ्या खोट्या. मधून कापून घ्यायला ते कापड नव्हतं, असं ते म्हणाले.

"मी कामावर नव्हते," मी म्हणाले.

"मग हजेरी कुणी लावली?"

 त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पंखा वाढवायला शिपायाला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख दिली. कारखान्याच्या माणसालाही बोलावतो, म्हणाले. दाखल्यावर आजाराचं नाव होतं. त्या जागी त्यांनी पेपरवेट ठेवला होता. मुद्दाम ठेवला होता की कसा, ते मला सांगता येणार नाही.

ही चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करत होते. रसायनशास्त्राची पदवी होती, चार वर्षं झाली होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, एक टेबल आणि दोन बायका: मी आणि शालन मगदूम. शालन बारावीपर्यंत शास्त्र शिकून आली होती, पण माझ्याआधी दोन वर्षं तिथं होती. आम्ही ओलावा, आम्लता आणि राख तपासायचो. राखेसाठी स्टार्चचा नमुना मुशीत, म्हणजे चिनी मातीच्या लहान वाटीत, घालून भट्टीत जाळावा लागतो.

एक दिवस मी चिमट्यानं मूस बाहेर काढली आणि टेबलावरच्या फरशीवर ठेवली. मग पुढचा नमुना तोलताना डावा हात त्याच फरशीवर टेकवून उभी राहिले. वास आल्यावर शालननं वर पाहिलं.

"हेमा, तुझं बोट," ती म्हणाली.

करंगळीची बाहेरची कड मुशीला चिकटली होती. कातडी पांढरी पडून सुटली होती. मी हात उचलून पाहिला. दुखत नव्हतं. मी नळाखाली धरला तेव्हाही पाणी लागल्याचं तळव्याला कळलं, करंगळीला नाही. शालन दोन पावलं लांब उभी राहून पाहत होती. तिनं मलम आणून टेबलाच्या कडेला ठेवलं.

त्या संध्याकाळी घरी मी दोन वाट्या घेतल्या, एकीत गार पाणी आणि दुसरीत सोसेल इतकं गरम. डोळे मिटले आणि आईला सांगितलं, कुठलीही वाटी माझ्या बोटाखाली धर. अंगठ्याला, तर्जनीला बरोबर सांगता आलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट, दोन्हीला काही सांगता आलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला शीर दोरीसारखी जाड लागली. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, तो मी उन्हाळ्यापासून पाहत होते. पुस्तकात हे कुठं वाचलंय ते मला लगेच आठवलं. मी वाट्या धुऊन ठेवल्या. आईनं विचारलं तेव्हा भाजल्यामुळे बोटं बधिर झालीत एवढंच सांगितलं.

विम्याचा दवाखाना वसाहतीच्या तोंडाशीच होता. बाकावर आमच्याच कारखान्यातले लोक बसलेले असायचे आणि औषध देणारा माणूस आमच्याच गल्लीतला होता. म्हणून मी बेळगावला गेले. तिथल्या डॉक्टरांनी कापसाच्या तंतूनं हात तपासला, कानाच्या पाळीतून थोडा द्रव घेतला आणि कुष्ठरोग आहे म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू केल्या की काही दिवसांत संसर्गाची भीती राहत नाही, म्हणाले. शिरेची सूज मात्र वाईट आहे. हाताला पूर्ण विश्रांती दिली नाही तर बोटं वाकडी होतील. परतीच्या एस.टी.त मी ही दोन वाक्यं बऱ्याचदा मनात म्हटली. त्यांच्याबद्दल काही वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या नमुन्याचा निकाल वाचावा तशी ती होती.

रजा टाकायची तर कारण लिहावं लागणार होतं आणि आठवड्याहून जास्त रजा म्हटली की दाखला. मी शालनला गेटच्या आत सायकल स्टँडपाशी गाठलं आणि हाताला त्रास आहे, थोडे दिवस घरी राहावं लागेल, इतकंच सांगितलं. आजाराचं नाव मी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.

"मग अर्ज कशाला करतेस? घरी बस. तुझं टोकन मी टाकते. नमुनेही मी करते. कुणाला कळायचं नाही," ती म्हणाली.

टोकनाचं असं होतं. गेटशी एका फळीवर खिळ्यांना पितळी टोकनं टांगलेली असत, प्रत्येकाचा नंबर वेगळा. आत शिरताना आपलं टोकन काढून पेटीत टाकायचं. पाळी सुरू झाली की पेटी टाइम ऑफिसात जाई आणि त्यातल्या टोकनांवरून हजेरी लागे. पॅकिंगच्या बायकांमध्ये एक रीत होती. एखादीचं पोर आजारी असलं, कुणाची मासिक पाळी आलेली असली, तर दुसरी तिचं टोकन आपल्या टोकनाबरोबर टाकायची आणि तिच्या वाटणीच्या पिशव्याही शिवायची. वॉचमन त्या वेळी रजिस्टरात डोकं घालून असायचा. त्यात कुणाला चोरी वाटत नव्हती. काम तर होतच होतं. पण ते एका दिवसाचं असायचं, फार तर दोन दिवसांचं. शालन किती दिवस म्हणतेय ते मी विचारलं नाही. तिच्याइतकं चांगलं माणूस त्या वेळी मला दुसरं दिसत नव्हतं.

त्या काळात ती दोनदा आमच्या घरी येऊन गेली. दोन्ही वेळा दारातच उभी राहिली. सायकल बाहेर आहे, पोर शेजारणीकडे ठेवलंय, असं म्हणाली. सगळं ठीक चाललंय, तू हात सांभाळ, येण्याची घाई करू नकोस. आईनं केलेला चहा तिनं घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर ती आली नाही. शिरेला पुन्हा सूज आली होती, मी रात्री हात उशीवर ठेवून पडत असे, त्यामुळे ती का आली नाही याचा विचार मी फारसा केला नाही. मग कारखान्याचं पत्र आलं. विनापरवानगी सलग दहा दिवस गैरहजर राहिल्यामुळे माझं नाव हजेरीपटावरून कमी करण्यात आलं होतं.

त्यानंतर मी विम्याच्या दवाखान्यात गेले. आता लपवून उपयोग नव्हता. डॉक्टर बागवान चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी बेळगावच्या चिठ्ठ्या पाहिल्या, माझी बोटं एकेक करून सरळ करून पाहिली आणि मागची तारीख मिळावी म्हणून वरिष्ठांकडे स्वतः लिहिलं. मंजुरीही आली. टोकनांबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, हजेरीचं काही निघणार नाही. महिन्याचा पगार तर मी उचललाच नव्हता.

पात्रुडकरांच्या कार्यालयातून घरी आले तेव्हा आई ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. आजाराचं नाव तिला आता माहीत होतं. शेजाऱ्यांना ती वात म्हणून सांगे, आणि जेवताना माझ्याच ताटातला भात उचलून खाई; आधी कधी खात नव्हती.

"मग सांग की तिचं नाव. मुकी झालीयस काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, खोटी हजेरी लावणाऱ्याला कामावरून काढतात. शालनच्या नवऱ्याचा माग बंद पडून वर्ष होत आलं होतं, घर तिच्यावर चालत होतं, मुलगी दोन वर्षांची.

"आणि आपलं घर कुणावर चालतं? तुझे बाबा पेन्शन पाठवतात वाटतं वरून."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.  आई सूप घेऊन उठली आणि आतून बराच वेळ फटकारल्यासारखे आवाज येत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाली की तिचं तिनं केलंय ते चांगल्यासाठी केलंय, पण चांगलं करणाऱ्यानं पुढं होऊन सांगायला नको का?  शालनला जाऊन भेटावं असं एकदा मनात आलं. पण भेटून काय मागायचं ते ठरेना. नाव घेऊ देशील का, असं कुणाला विचारता येत नाही. मी गेले नाही.

गुरुवारी कारखान्याकडून नाडगौडा आले. ते आमचे कार्मिक अधिकारी, म्हणजे नेमणुका, रजा आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी ज्यांच्या सहीनं होत ते. त्यांच्याबरोबर शालन होती. प्रयोगशाळेत त्या तीन आठवड्यांत दुसरं कोण होतं, असं कार्यालयानं विचारल्यामुळे त्यांनी तिला आणलं होतं. ती माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर.

नाडगौडांचं म्हणणं सरळ होतं. टोकन पडलं म्हणजे माणूस आत आला. पितळ काही स्वतः चालत येऊन पेटीत उडी मारत नाही. बाई कामावर होत्या, नंतर न सांगता यायच्या बंद झाल्या, नाव कमी झालं, मग त्यांना आजार आठवला. हे सगळं ते हसतमुखानं बोलले.

पात्रुडकरांनी विचारलं, टोकन दुसऱ्यानं टाकलं असं निघालं तर कारखाना हजेरी दुरुस्त करून देईल का?

"द्यावीच लागेल. आम्हाला नाव द्या, आम्ही हजेरी देतो," नाडगौडा म्हणाले. "मात्र ते नाव मग आमच्या फळीवर राहणार नाही."

पात्रुडकर माझ्याकडे वळले. ते म्हणाले की आज निकाल लावायचाय, पुढची तारीख देता येणार नाही. हजेरी कोणी लावली हे सांगितलं नाही तर दाखला रद्द करण्यावाचून त्यांच्याकडे मार्ग नाही. आणि खोटा दाखला म्हटल्यावर तो नुसता रद्द होऊन थांबत नाही, हेही मला समजलेलं असावं.

मला समजलेलं होतं. मी त्यांच्या टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत होते. मी विचार करत होते असं म्हणता येणार नाही. तोंडातून कुठलंच नाव येत नव्हतं, इतकंच. मी त्याला धैर्य म्हणणार नाही. भाजलं तेव्हा जसं काही वाटलं नव्हतं, तसंच तेव्हाही वाटत नव्हतं.

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले.

पात्रुडकरांनी पेनाचं टोपण काढलं.

"टोकन मी टाकलं," शालन म्हणाली.

नाडगौडा खुर्चीत वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. पात्रुडकरांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि तिला सांगितलं की बाई, विचार करून बोला, तुमचे साहेब शेजारी बसलेत. मैत्रिणीसाठी म्हणून काहीही अंगावर घेऊ नका.

"मैत्रीचं काही नाही, साहेब."

"मग?"

ती सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवताना असायचा तसाच होता. ती म्हणाली, हिचं बोट भाजलं आणि हिला कळलं नाही, तेव्हाच मला कळलं. माझ्या काकांना महारोग होता. त्यांना गोठ्याशेजारी वेगळी खोली होती, आणि आम्ही पोरं ताटली भिंतीवरून सरकवायचो.

"आमच्याकडे द्रव मोजायला काचेची नळी असते. तोंडानं ओढावी लागते. एकच आहे. ती तोंडात घेऊन झाली की मी घेते, मी झाले की ती. घरी माझी मुलगी दोन वर्षांची. अजून माझ्या तोंडातला घास खाते."

तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली.

"ती रजेवर गेली असती तर आठपंधरा दिवसांत परत आली असती. मला ती परत यायला नको होती. म्हणून तिला म्हटलं, घरी बस, टोकन मी टाकते."

"आणि मग टाकणं बंद का केलं?" हे पात्रुडकरांनी विचारलं.

शालननं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दहा दिवस टोकन पडलं नाही की नाव कटतं. मला माहीत होतं."

मी तिच्याकडे पाहत होते. ती काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. त्याचा अर्थही कळला होता. पण तो अर्थ कुठं जाऊन पोहोचत नव्हता. मी फक्त एक गोष्ट टिपली. नाडगौडांनी आपली खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली होती, शालनकडे. पात्रुडकरांची जागची हलली नव्हती.

"मग आज का सांगताय?" पात्रुडकर म्हणाले.

"हिनं माझं नाव घेतलं नाही ना. महिना झाला. मी रोज गेटवर वाट बघत होते, आज बोलावतील, उद्या बोलावतील. बोलावलंच नाही कुणी."

पात्रुडकरांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. मूळ तारखेपासून दाखला मान्य. त्या तीन आठवड्यांची हजेरी विश्वसनीय नाही. लांब मुदतीच्या आजाराचा भत्ता मागच्या थकबाकीसह देण्यात यावा. आजारपणाचा लाभ चालू असलेल्या कामगाराचं नाव कमी करता येत नाही, सबब कारखान्यानं ते पुन्हा लावावं. शालनचं नाव त्यांनी वाचलं नाही. नाडगौडांनी तिच्या बोलण्याची नक्कल मागितली. त्यात रुग्णाच्या आजाराची माहिती आहे, ती मालकाला देता येत नाही, असं पात्रुडकर म्हणाले आणि कागद खणात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

मी आईला निकाल सांगितला. शालन काय म्हणाली ते सांगितलं नाही. आई म्हणाली, बघ, शेवटी पुढं झालीच की पोरगी. तिनं शालनसाठी शेंगदाण्याचे लाडू करायचं काढलं. तुझा हात दुखतो, आता नको, असं मी तिला सांगितलं. हात माझा दुखत होता. आईनं ते लक्षात आणून दिलं नाही.

भत्ता येऊ लागला. गोळ्यांनी माझा रंग काळवंडला, त्याचं कारण मी उन्हात बसते असं सांगितलं जाई. डॉक्टर बागवान दर आठवड्याला बोटं तपासत. चट्ट्याची कड मऊ झाली. करंगळीला मात्र स्पर्श परत आला नाही. होळीच्या सुमारास त्यांनी कामावर जायला हरकत नाही असा दाखला दिला आणि तोंडानं नळी ओढायचं आता सगळ्यांनीच सोडा, कोणी आजारी असो वा नसो, नळीला लावायचा रबरी फुगा मागवून घ्या, असं बजावलं. त्याच आठवड्यात कारखान्याचं बोलावणं आलं. शालनवर खोट्या हजेरीचा आरोप ठेवून चौकशी लावली होती. ती निलंबित होती. साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.

चौकशी कँटीनच्या मागच्या खोलीत होती. चौकशी करायला सांगलीहून एक वकील आणले होते. नाडगौडा त्यांच्या उजव्या हाताला. शालन समोर, तिच्या शेजारी युनियनचे एक वयस्कर गृहस्थ. युनियननं तिला आरोप अमान्य करायला लावला होता. विमा कार्यालयातला कागद मिळालेला नव्हता. नाडगौडांचा शब्द होता, पण तक्रार करणारे तेच होते. वॉचमननं आपण त्या वेळी रजिस्टर लिहीत होतो असं सांगून झालं होतं. वकिलांना आणखी कुणीतरी हवं होतं. खोलीत शिरण्याआधी नाडगौडांनी मला बाजूला घेतलं आणि समजावलं की या बाईनं तुमची नोकरी घालवायचा डाव टाकला होता, ते तुम्ही कानांनी ऐकलंय. दोन वाक्यांत सांगा आणि मोकळ्या व्हा. प्रयोगशाळेत तुम्हाला दुसरी मदतनीस देऊ.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

वकिलांनी विचारलं, त्या तीन आठवड्यांत तुमचं टोकन शालन मगदूम टाकत होत्या, हे खरं आहे का?

"मी तिथं नव्हते," मी म्हणाले.

"ते झालं. पण टोकन कोण टाकत होतं?"

"मी आजारी होते. कामावर नव्हते. विमा कार्यालयानं तसा निकाल दिलाय आणि कारखान्यानं तो मानलाय. जी गेटवर नव्हती तिला गेटवर कुणी काय टाकलं ते दिसलेलं नाही."

वकिलांनी चष्म्यावरून नाडगौडांकडे पाहिलं. नाडगौडा पुढे झुकले.

"विमा कार्यालयात ही बाई काय म्हणाली? तुम्ही तिथं होतात ना? का तिथंही नव्हता?"

"तिथं होते. तिथं माझ्या आजाराबद्दल बोलणं झालं. ते मी इथं सांगणार नाही."

"कोरेबाई, तिनं काय केलंय तुम्हाला, कळतंय ना?"

"हो."

युनियनचे गृहस्थ खोकले. वकिलांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली. मी डाव्या हातानं कागद धरून उजव्या हातानं सही केली. शालन टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

हे मी का केलं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर विचारलं तेव्हा जी उत्तरं आली ती सगळी चांगली दिसणारी होती, म्हणून मी ती धरली नाहीत.

आरोप सिद्ध झाला नाही. गेटवरची फळी काढून कार्डाचं मशीन बसवलं गेलं, आणि पॅकिंगच्या बायका बरेच दिवस माझ्याकडे बघून बोलणं थांबवत. शालनला एक ताकीद देऊन कामावर घेतलं. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी बाहेर पडले तेव्हा ती सायकल घेऊन वसाहतीच्या कमानीपाशी थांबली होती. मी तिच्या पुढून गेले असते, पण तिनं हाक मारली.

"हेमा."

मी थांबले. ती म्हणाली की तिला माफी मागता येत नाही, कारण मागितली तर ती खोटी होईल. आजही तिला भीती वाटते. डॉक्टरांनी सांगितलं तरी वाटते. रात्री मुलीचे हातपाय दिव्याखाली धरून बघते, कुठं फिकट दिसतंय का. हे सगळं ती सायकलच्या हँडलकडे बघून बोलली.

मी म्हटलं, मुलीच्या अंगावर चट्टा दिसला तर बेळगावला जाऊ नकोस, सरळ डॉक्टर बागवानांकडे जा.

तिनं होकारार्थी मान हलवली. मग विचारलं, "तू कधी येणार?"

"सोमवारी."

"माझ्याच टेबलावर?"

"खोलीत टेबल एकच आहे, शालन."

 बसस्टॉपपर्यंत जवळजवळ एक किलोमीटरचा रस्ता होता, आणि तिला सायकल असूनही ती चालत आली. पूर्ण रस्ताभर माझ्या शेजारून, सायकल दोघींच्या मधे धरून.